यंत्राची नांदी

नाटकांत सूत्रधार आधीं येतो, रंगभूमि सिद्ध करतो आणि मुख्य पात्र आलें कीं आंत जातो. लहान संगणकी बोर्डावर हें काम बूटलोडरचें. घरांतील तरुण मंडळी हल्लीं असे बोर्ड आणतात; त्यांच्यासाठीं चार शब्द.

२०१३ सालीं निघालेला बीगलबोन ब्लॅक घ्या. त्यावर ५१२ मेगाबाइट रॅम आहे खरी. पण वीज मिळतांच ती वापरतां येत नाहीं. तिचें कालमान प्रथम नियंत्रकास शिकवावें लागतें. तोंवर प्रोसेसरच्या पोटांतील शंभरएक किलोबाइटांतच भागवावयाचें! म्हणून यू-बूट दोन खंडांत बांधतात. ‘एमएलओ’ हा धाकटा खंड रॅम जागी करतो. मग थोरला तींत उतरून लिनक्सला पाचारण करतो.

यू-बूटची मूळ संहिता एक, बोर्ड शेंकडों. तेव्हां आपल्या बोर्डाची डेफकॉन्फिग आधीं निवडावी; येथें ती ‘एएम३३५एक्स_ईव्हीएम’ या नांवाची. फेरफार मेन्यूकॉन्फिगमध्यें करून एआरएमच्या क्रॉस-कंपायलरनें ‘मेक’ चालवावें. परक्या बोर्डाची डेफकॉन्फिग घेतली तरी बांधणी खुशाल पार पडते, बोर्ड मात्र मुका बसतो. हा दोष मोठा कपटी. व्याकरणांतलें अशुद्ध रूप निदान कानास खटकतें.

म्हणून नवा बूटलोडर बोर्डाच्या कायम साठ्यांत एकदम लिहूं नये. तो मायक्रोएसडी कार्डावर ठेवून, बूटचें बटण दाबून धरून वीज द्यावी. सीरियल तारेवर अक्षरें उमटलीं तर ठीक. नाहींतर कार्ड काढावें, जुना बूटलोडर जागच्या जागीं आहेच.