अर्ध्या इंचाचा हट्ट

अमेरिकेतला घरी काडतुसं भरणारा हौशी शिकारी झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकत नाही. हरणांचा हंगाम येण्याच्या कितीतरी आधी तो गॅरेजात बसून ती साच्यात दाबून मापात आणतो, नवा प्रायमर (बारूद पेटवणारी टिकली) बसवतो, बारूद तोलतो आणि वर गोळी चढवतो. बारूद मोजायची ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मा. त्याचाही दहावा भाग तराजूवर पाहिला जातो.

कारखान्यातलं काडतूस त्या मापाच्या कुठल्याही रायफलीत चालेल असं बेतलेलं असतं, घरचं मात्र एकाच नळीसाठी. त्यामुळे नेम सुधारतो, यात वाद नाही. पण १०० यार्डांवर गोळ्या अर्ध्या इंचात बसवण्याचा हट्ट शिकारीत कशाला? हरणाचं मर्मस्थान आठेक इंचांचं. रानात टेबलाचा, वाळूच्या पिशव्यांचा आधार नसतो. असते ती धाप, गारठलेली बोटं आणि चुकलेला अंतराचा अंदाज.

गंमत म्हणजे, नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं त्या ५० मीटर रायफल प्रकारात घरी भरलेली काडतुसं नसतातच. तिथल्या पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या कडेतच असतं, ते पुन्हा भरण्याची सोय नाही. या दर्जाचे नेमबाज कारखान्याचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीत झाडून बघतात, जुळेल तो विकत घेतात आणि बाकी वेळ सरावाला देतात.

घरच्या भरणीचा खरा फायदाही सरावाचाच. काडतुसात महाग असते ती पुंगळी, आणि ती अनेकदा वापरता येते. वाचलेल्या पैशांत उभ्याने, गुडघ्यावर बसून गोळ्या झाडाव्यात. टेबलावरचं कौतुक पुरे.

दुसरा फायदा गोळी निवडण्याचा. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात शिकारी जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूस हरणापुढे फसल्या. दोष नेमाचा नव्हता, गोळीच्या घडणीचा होता. त्यातूनच त्यांनी मधोमध आडभिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी घडवली.

आजचा प्रश्न गोळीतल्या शिशाचा आहे. शिकारी मागे टाकून जातात त्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियातली काँडोर गिधाडं मरतात. १९८२ मध्ये ती जेमतेम बावीस उरली होती. जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिसं बंद आहे. पर्याय तांब्याच्या गोळीचा. पण तांबं शिशाहून हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त जागा अडवते आणि बारुदीचं माप नव्याने ठरवावं लागतं. ग्रेनच्या दहाव्या भागाशी झगडायचंच असेल, तर गॅरेजातल्या तराजूने या गोळीसाठी झगडावं.