पैसे जमा झाले म्हणजे मिळाले असं नाही

आमच्या गावातला एक पैठणीवाला. दुकान वडिलांचं, वेबसाइट याची. दिवाळीआधी परदेशातून ऑर्डर आली, दोन पैठण्या, कार्डाने पूर्ण पैसे जमा. पठ्ठ्याने पेढे वाटले. दीड महिन्याने मेल आला: कार्डाचा खरा मालक म्हणतोय, हा व्यवहार मी केलाच नाही. याला चार्जबॅक म्हणतात. पैसे याच्या खात्यातून परत वळते झाले, वर फी कापली ती वेगळी. साड्या तर गेल्याच. पोलिसांत गेला तर पहिला प्रश्न, "पैसे आले होते ना तुम्हाला?"

मी म्हटलं, अरे ओटीपी? तर गोम तिथेच आहे. आपल्या कार्डांना ऑनलाइन खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून जादा पडताळणी सक्तीची केली. परदेशी बँकेच्या कार्डाला ती सक्ती नाही. नंबर आणि मागचे तीन आकडे चोरले की झालं काम.

२०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक ग्राहकाला वाचवतं. बाहेरच्या कुणी गफला केला आणि ३ कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. उत्तमच. पण ते ग्राहकासाठी, विकणाऱ्यासाठी नाही.

नंतर आम्ही दोघांनी ती ऑर्डर पुन्हा उघडली. दहा मिनिटांत चार कार्डं लावलेली, तीन नाकारली गेलेली. कार्ड एका देशातलं, पत्ता दुसऱ्या देशातला. "लवकर पाठवा" असे तीन मेल. आणि काठ, पदर, रंग याबद्दल एक प्रश्न नाही! पैठणी घेणारं माणूस इतकं गप्प असतं होय? आमच्याकडे ब्लाउजपीसवर अर्धा तास जातो.

माझा राग पेमेंट कंपन्यांवर आहे. प्रत्येक व्यवहारामागे कमिशन घेता, ती चार कार्डं तुमच्याच यंत्रणेतून गेली, मग एक इशारा देता येत नाही? परदेशी कार्डं बंद ठेवता येतात, किंवा थ्रीडी सिक्युअर पडताळणी झालेलीच घेता येतात. तशी पडताळणी झाली असली की अशा फसवणुकीचा भार साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. हे पहिल्याच दिवशी मराठीत सांगायला काय जातं? इंग्रजी करारावर आपण सगळेच डोळे मिटून 'आय ॲग्री' दाबतो.

आता तो परदेशी ऑर्डर दोन दिवस थांबवतो, व्हिडिओ कॉल करतो. शंका आली तर पैसे त्याच कार्डावर परत. गेल्या आठवड्यात एक ऑर्डर अशीच परत केली. गिऱ्हाईक खरं होतं की काय, हेच अजून त्याच्या डोक्यात घोळतंय.