मंत्रचळ

मंत्रचळ हा शब्द वर्गात उच्चारला तर मुले आता एकमेकांकडे पाहतात. मंत्र जपताना चूक झाली की डोके फिरते, अशी जुनी समजूत ह्या शब्दाच्या पोटात आहे. आमच्या आज्ज्या शंभरदा हात धुणारीला "मंत्रचळ झालाय हो तिला" म्हणत नि कामाला लागत.

गेल्या दिवाळीत चणाडाळीसाठी मार्केट यार्डात गेलो, तेव्हा भुसार बाजारातल्या माझ्या ओळखीच्या अडत्याचे दिवाणजी कुलूप ओढून पाहत होते. सातदा ओढले, कोपऱ्यापर्यंत गेले, परत येऊन पुन्हा ओढले. हमाल हसत होते. शेठजी हळूच म्हणाले, "सर, हिशेबात पैचा फरक नाही, पण एक बेरीज दहादा करतो. पाडव्याला नव्या वह्या, तेव्हा माणूसही नवा बघतो." दिवाणजींना शिकणाऱ्या दोन मुली! मी शेठजींना तिथेच पोत्यावर बसवले आणि जे सांगितले, तेच इथे सांगतो.

आपल्या हातून चूक झाली की कपाळामागे खोलवर, मेंदूच्या मधल्या भागात, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत एक विद्युत्-लहर उठते. विल्यम गेरिंग ह्या अमेरिकन संशोधकाने सहकाऱ्यांसह २००० साली दाखवले, की मंत्रचळी माणसांत ती अधिक मोठी असते. राखणदार जागा आहे, पण गरजेपेक्षा मोठ्याने ओरडतो, म्हणा ना! मग लक्ष कुलपावर कुठले राहायला?

बरे, पुनःपुन्हा पाहून खात्री का पटत नाही? नेदरलंड्समधल्या दोघा संशोधकांनी २००३ मध्ये धडधाकट माणसांना संगणकावरची शेगडी वारंवार तपासायला लावली. आठवण बरोबर राहिली, पण पुसट झाली, नि तिच्यावरचा भरवसा उडाला. पाहण्यानेच शंका वाढली!

म्हणून उपचारात शंका येऊ द्यायची, परत मात्र फिरायचे नाही. जीव कासावीस होतो, हळूहळू ओसरतो. हे मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने. औषधेही आहेत. लुइस बॅक्स्टर ह्यांना १९९२ साली लॉस अँजेलिसमध्ये आढळले, की औषधाने सुधारलेल्यांच्या आणि नुसत्या सरावाने सुधारलेल्यांच्या मेंदूत एकाच भागाची धावपळ मंदावली होती.

शेठजींनी माणूस ठेवला. उपचार चालू आहेत. अडचण घरात आहे. "गॅस बंद आहे हो, मी पाहिलाय," असा दिलासा वहिनी मायेने देत. डॉक्टरांनी तोही हळूहळू थांबवायला सांगितला आहे, आणि ते दिवाणजींपेक्षा वहिनींनाच जड जाते आहे.