सावलीतील आबोली

परसात फणसाची दाट सावली पडते, तेथे कोणते फुलझाड लावावे, असे डिचोलीकडील एका भगिनीने आम्हांस विचारले आहे. आमचे उत्तर : आबोली. दोन-तीन फूट उंचीचे, बारमाही हिरवे असे हे झुडूप पावसाळा सरला की जोमाने फुलू लागते आणि थंडीतही तुरे देते. फुलास वास नाही हे खरे. परंतु माळलेली वेणी लवकर कोमेजत नाही.

मात्र सावली-सावलीत फरक आहे. कुळागरात पोफळींच्या झावळ्यांतून झिरपणारे ऊन आबोलीस मानवते, फणसाच्या बुंध्याशी असलेला अंधार मानवत नाही. आम्हीही प्रथम तीच चूक केली. पाने भरपूर आली, तुरा एकही नाही! मग रोपे चार हात बाहेर, सकाळचे ऊन पोहोचेल तेथे हलविली. नाताळपर्यंत वाफा केशरी झाला.

आपल्याकडील पावसात खरा धोका साचलेल्या पाण्याचा, कारण त्याने मुळे कुजतात. यास्तव वाफा वीतभर उंच करावा. फुलून गेलेले तुरे खुडीत जावे, म्हणजे नवे येतात. बियांसाठी काही राखावे. पण सुकलेली बोंडे ओली होताच तडकतात व बी दूर उडते, तेव्हा ती कोरडी असतानाच काढावीत. मुलांनी एखादे बोंड पाण्यात टाकून गंमत अवश्य पाहावी.