सातबारा नाही म्हणून तुरुंग?

अलिबागच्या हिराकोट किल्ल्यात आज जिल्हा कारागृह आहे. रेवदंड्याच्या खाडीकाठचा एखादा गरीब माणूस किरकोळ चोरीच्या आरोपाखाली न्यायालयीन कोठडीत गेला, की त्याची वाट बहुधा या तटाकडेच वळते. पुढे न्यायालय जामीन मंजूर करते, आणि तरीही तो आतच राहतो. कारण हमी देणाऱ्याचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला त्याला मिळत नाही. बागायतदाराचा मुलगा त्याच दिवशी घरी जाऊन जेवतो. वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणारा कातकरी मात्र कायम पत्ता नाही म्हणून आत दिवस मोजतो. कलम एकच, न्याय मात्र दोन!

हा प्रश्न नवा नाही. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याकडे दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला आणि दुसऱ्या जिल्ह्यातील जामीनदार नाकारण्यात आला, तेव्हा १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी या पद्धतीवर कठोर प्रहार केला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जामीन मिळूनही महिनाभरात हमी देता आली नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे कलम तर आणखी पुढे जाते. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल, अन्य खटले प्रलंबित नसतील आणि आरोपी पहिल्यांदाच सापडला असेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यावर त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे. तरीही २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे चारांपैकी तिघे, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध व्हावयाचा होता; शिक्षा मात्र सुरू झाली होती.

दोष सिद्ध झाल्यावरही तुरुंग हा एकच मार्ग नाही. १९५८ च्या परिविक्षा कायद्याने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सोय केली. ही कल्पना अमेरिकेतील बोस्टन शहरी १८४१ मध्ये जॉन ऑगस्टस या चर्मकाराने रुजवली; एका मद्यपीला त्याने स्वतःच्या जबाबदारीवर सोडवून घेतले. त्याच अमेरिकेत आज सुमारे २० लाख माणसे गजांआड आहेत आणि ३५ लाखांहून अधिक परिविक्षेवर किंवा पॅरोलवर आहेत. अनेक ठिकाणी देखरेखीचे शुल्क कैद्यानेच भरावयाचे, अट मोडली की पुन्हा तुरुंग! माणुसकीची वाट गरिबासाठी कर्जाचा सापळा कशी बनते, हे तेथून शिकावे.

आपल्या नव्या न्यायसंहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी मूल्याच्या पहिल्या चोरीसाठी, माल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आली आहे. तिचे स्वागत आहे. पण ती विनामोबदला आहे, हे विसरून चालणार नाही. कुलाबा जिल्ह्याने खोतांची वेठ पाहिली आहे. चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ पासूनचा संप याच मातीतला. उद्या समाजसेवेच्या नावाखाली आदिवासी तरुणाच्या हाती फक्त झाडू पडला, तर ती सुधारणा नव्हे, जातीची नवी वेठ ठरेल.

माणसावर विश्वास ठेवण्याची परंपरा आपल्यालाही आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतींशिवाय शेती करीत राहिले. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट त्यातूनच उभा राहिला. चित्रपटाला टाळ्या मिळाल्या; प्रयोगाला मात्र राज्यभर विस्तार मिळाला नाही.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी केवळ ठराव करून थांबू नये. आणीबाणीत तुरुंग पाहिलेल्या चळवळीला हे सांगावे लागू नये. आपल्या गावातील कोणता माणूस जामीन मिळूनही आत आहे, याची यादी करा. ती घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जा. ४७९ व्या कलमाखालील अर्ज झाले का, हे कारागृह अधीक्षकांना लेखी विचारा. परिविक्षा अधिकाऱ्यांची पुरेशी पदे भरण्याची मागणी करा. स्वातंत्र्याची किंमत गुंठ्यांत मोजणारी व्यवस्था बदलण्याची सुरुवात अशा एकेका नावापासूनच होईल.