सोडणे आणि सोडवणे

काही शब्द असे असतात की ते उच्चारताच बोलणाऱ्याचे निम्मे पाप धुऊन निघते. खोल समुद्रातील हौशी मासेमारीच्या जगात ‘रिलीज’ हा शब्द आज तसा झाला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील माँटॉकपासून फ्लोरिडापर्यंत भाड्याच्या बोटी मोठ्या शार्कांच्या मागावर निघतात. गिऱ्हाईक पैसे मोजते. कप्तान माशांचे तुकडे, तेल व रक्त यांचा लगदा पाण्यात सोडतो. शार्क गळाला लागतो, कधी तासभर तर कधी त्याहून अधिक काळ खेळवला जातो. बोटीलगत ओढून त्याचे छायाचित्र घेतले जाते. आणि मग तार कापून त्याला जाऊ दिले जाते. या सगळ्याला निसर्गसंवर्धन म्हणतात. आमचा आक्षेप प्रथम या नावाला आहे, आणि नावाच्या आडून चाललेल्या कृतीला त्याहून अधिक.

मराठी शिकवणाऱ्यांचा या व्यवहाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध शब्दांचा आहे. मराठीत ‘सोडणे’ आणि ‘सोडवणे’ ही दोन क्रियापदे आहेत. सोडवणारा दुसऱ्याने किंवा दैवाने घातलेला पाश तोडतो. सोडणारा स्वतःच धरलेले हातातून जाऊ देतो. पहिल्याला काही मोजावे लागते, दुसऱ्याला बहुधा नाही. चार्टर बोटीवरचा हौशी शिकारी शार्कला सोडतो, आणि श्रेय मात्र सोडवल्याचे घेतो. ज्याचा जीव आपणच धोक्यात घातला, त्याला जीवदान दिल्याची ही ऐट आहे.

इतिहास मात्र न्यायाने सांगितला पाहिजे. माँटॉकचा कप्तान फ्रँक मंडस (१९२५–२००८) याने ‘मॉन्स्टर फिशिंग’ या नावाने शार्कच्या शिकारीचा धंदा लोकप्रिय केला. १९८६ साली त्याच्या बोटीवर ३,४२७ पौंडांचा ग्रेट व्हाइट शार्क मारून आणला गेला, आणि तो पराक्रम ठरला. पीटर बेंचली याची ‘जॉज’ ही कादंबरी १९७४ ची, स्पीलबर्गचा चित्रपट १९७५ चा. त्यांनी या पराक्रमाला राक्षसवधाचे रूप दिले. पुढे बेंचली शार्कच्या रक्षणासाठी बोलू लागला आणि मंडसनेही उतारवयात शार्क सोडून देण्याचा पुरस्कार केला. धक्क्यावर प्रेते टांगण्यापेक्षा हे निःसंशय बरे. परंतु बरे म्हणजे चांगले नव्हे. राक्षस मारण्याची कथा तीच राहिली, फक्त शेवटचे पान बदलले.

त्या बदललेल्या पानावर शार्क पोहत दूर जातो आणि कथा संपते. पाण्याखाली ती संपत नाही. माको, ग्रेट व्हाइट, हॅमरहेड यांसारख्या शार्कांना कल्ल्यांतून पाणी खेळते ठेवण्यासाठी सतत पोहावे लागते. दीर्घ ओढाताणीत त्यांच्या रक्तात आम्ल साठते, आणि वरकरणी धडधाकट निघून गेलेला मासा काही तासांनी तळाशी मरून पडू शकतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील थ्रेशर शार्कांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. थ्रेशर आपल्या लांब शेपटीच्या फटक्याने भक्ष्य बधिर करतो. म्हणून गळ पुष्कळदा शेपटीलाच लागतो आणि मासा उलटा ओढला जातो. अशा १९ शार्कांना उपग्रह-खुणा लावून सोडले. त्यांतले ५ मेले. मेलेले सगळे आकाराने मोठे होते आणि ८५ मिनिटे किंवा अधिक काळ खेळवले गेलेले होते. सगळ्या जाती सारख्या नाहीत. टायगर शार्क चिवट असतो, माकोही बहुतांशी तगतो, हॅमरहेड मात्र या ताणाने फार लवकर खचतो. परंतु गळ टाकताना खाली कोणती जात आहे हे कोणाला ठाऊक असते?

आता या खेळाचे नियम पाहा. १९३९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन विक्रमांची नोंद दोरीच्या ताकदीनुसार वेगवेगळ्या वर्गांत करते. दोरी जितकी बारीक आणि मासा जितका मोठा, तितकी कीर्ती अधिक. बारीक दोरी म्हणजे लांबलेली ओढाताण. जे माशाच्या जिवाला घातक, तेच खेळाडूच्या गौरवाला पोषक! या विरोधाभासाला ‘झुंज’ असे भारदस्त नाव आहे. आमच्या भाषेत झुंजी लावल्या जातात. लावणारा बाहेर उभा राहून मजा पाहतो. इथे लावणाराच स्वतःला झुंजार म्हणवतो.

यावर तीन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले असे, की व्यापारी मासेमारी दरवर्षी कोट्यवधी शार्क मारते, तिच्यापुढे आमचे ते काय? हे खरे आहे, आणि म्हणूनच लंगडे आहे. मोठ्या चोराकडे बोट दाखवून लहान चोर साव होत नाही. त्यात ग्रेट व्हाइटची मादी, २०१५ च्या एका अभ्यासानुसार, वयात यायला सुमारे ३३ वर्षे घेते. हौशी मंडळींना हवा असतो तो सर्वांत मोठा मासा, म्हणजे बहुधा अशीच प्रौढ मादी. फ्लोरिडात २००६ साली विक्रमासाठी नोंदल्या गेलेल्या १,२८० पौंडांच्या हॅमरहेड मादीच्या पोटात ५५ पिले निघाली.

दुसरे उत्तर विज्ञानाचे. अमेरिकेत १९६२ पासून हौशी मच्छीमार शार्कांना खुणा लावत आले, आणि त्यातूनच ब्लू शार्क अटलांटिक महासागर ओलांडतो हे कळले. या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. परंतु खूण लावणे हाच हेतू असेल तर दोरी जाड हवी, वेळ थोडा हवा आणि मासा पाण्यातच राहायला हवा. छायाचित्रासाठी लांबवलेली दहा मिनिटे कोणत्या विज्ञानाच्या खाती टाकायची?

तिसरे उत्तर आम्हालाच चिमटा काढणारे: तुमच्या कोकणात मोरीचे कालवण आवडीने खातात, त्याचे काय? त्याचाही हिशेब व्हावा, विशेषतः बाजारात येणाऱ्या कोवळ्या पिलांचा. तरीही भुकेसाठी मारणे आणि करमणुकीसाठी मरणाच्या दारापर्यंत नेऊन आणणे यांत फरक आहे. भूक निदान स्वतःला दया म्हणवत नाही.

कायदाही अजून याच शब्दात अडकला आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर ५ जुलै २०२२ पासून शॉर्टफिन माको ठेवून घेण्यास बंदी झाली. म्हणजे तो पकडला तर सोडायचा. पकडायलाच जाऊ नका, असे ती बंदी म्हणत नाही. उलट स्वित्झर्लंडने २००९ पासून सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडण्यास मनाई केली. त्या देशाला समुद्र नाही, पण तत्त्व त्याला कळले आहे.

खरे सोडवणे कसे असते हे पाहायला फार दूर जायला नको. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क जाळ्यात येतो तेव्हा त्याला वाचवण्यासाठी कोळी आपले जाळे कापतो. त्याने त्याला बोलावलेले नसते. जाळे म्हणजे त्याची रोजीरोटी. म्हणूनच २०१८ मध्ये राज्य शासनाने अशा नुकसानीसाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली. भरपाई द्यावी लागते, कारण त्याचे खरोखर काही गेलेले असते. चार्टरवरच्या गिऱ्हाइकाचे काय जाते? त्याला तर छायाचित्र मिळते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हॅमरहेड आणि थ्रेशर यांच्या मागे हौसेखातर जाणे बंद व्हावे. इतर जातींसाठी दोरीच्या बारीकपणाला मिळणारा मान काढून घ्यावा. आणि एवढेही जमत नसेल, तर निदान जाहिरातीतून ‘संवर्धन’ हा शब्द काढावा आणि ‘आम्ही हे मजेसाठी करतो’ असे लिहावे. ते वाचून किती गिऱ्हाइके बोटीत चढतात, ते मग पाहू.