कानांनी ओळखलेली माणसे

उद्धव शेळके यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या 'धग' कादंबरीतील कौतिक ही आपल्याच गल्लीत राहणारी, उभ्या वऱ्हाडाच्या ओळखीची बाई वाटते, ती लेखकाने तिचे गुणदोष दफ्तरातील नोंदींप्रमाणे रुजू केले म्हणून नव्हे, तर दारिद्र्याशी चाललेल्या तिच्या झुंजीला वऱ्हाडी बोलीचा श्वास दिला म्हणून. माणूस प्रथम कानांना खरा वाटतो, अशी माझी धारणा आहे. अकोल्याच्या कापूसबाजारात गाडीवरच्या ढिगात हात खुपसून, ओल किती हे पाहण्यासाठी सरकी दाताखाली कटकन् फोडणारा व्यापारी, आणि त्याने उच्चारलेला भाव ऐकताच ज्याच्याभोवती भर गर्दीत क्षणमात्र शुकशुकाट पसरतो तो शेतकरी, यांचे 'कटकन्' आणि 'शुकशुकाट' या दोन शब्दांहून अधिक वर्णन काय करावे? जपानी भाषेत निःशब्दतेलाही 'शीन्' असा ध्वनिशब्द आहे, धडधडत्या काळजाला 'दोकीदोकी' आहे, आणि ज्याला मुळी आवाजच नसतो त्या चमचमण्यालाही 'किराकिरा' आहे. तेथील मांगा चित्रकथांत तर हे शब्द चित्रातच रेखाटलेले असतात. आपल्या लखलख, झगमग, लुटुलुटु या शब्दांना मात्र व्याकरणाने 'अनुकरणवाचक' म्हणून एका लहानशा प्रकरणात बसवले आणि प्रतिष्ठित गद्याने बालवाङ्मयाकडे धाडले, ही हानी मला फार मोठी वाटते. कारण अमरावतीकडील एखाद्या खेड्यात पहाटे चुलीपुढे ज्वारीची भाकर थापणारी बाई रागावली आहे की नुसती दमली आहे, हे तिच्या हातांची थपथप भिंतीपलीकडल्या शेजारणीलाही सांगत असते.